डावीकडचा ब्रेक

डाव्या सीटवर बसून एकतीस वर्षं
मी एकाच पेडलवर गाडी चालवली, ब्रेकच्या.
क्लच, गिअर, स्टेअरिंग, घाम,
बाकी सगळं शिकणाऱ्याकडे.
माझ्याकडे फक्त थांबवणं.

सहकारनगरात शटरवर बोर्ड अजून आहे:
सुयश मोटार ड्रायव्हिंग स्कूल, महिलांची बॅच स्वतंत्र,
आणि खाली, मुद्दाम ठळक,
भरलेले पैसे परत मिळणार नाहीत.

ऋजुताची गाडी विजेची.
सासवडहून येताना बोपदेवच्या माथ्यावर
तिनं आकडा दाखवला, एक्केचाळीस टक्के.
"बघत राहा, बाबा."
आणि पाय काढला.
दाबला नाही, काढला.

मागून कुणी सदऱ्याचं टोक धरावं
तशी गाडी आवरत गेली.
ना लायनरचा वास, ना गिअरची कुरकुर,
नुसता एक बारीक सूर,
लांबच्या गिरणीत दळण चालू असल्यासारखा.

ज्या गिअरनं घाट चढलात त्याच गिअरनं उतरा,
हे वाक्य मी निदान सहा हजार माणसांना घोकायला लावलं.
इथं गिअरच नाही.
माझा उजवा पाय मात्र प्रत्येक वळणाला
चटईत रुतत होता.
"तिथं काही नाहीये, बाबा."
माहीत आहे.
पायाला कोण सांगणार?

मागचा टेम्पोवाला बाजूनं जाता जाता ओरडला,
ताई, सारखा ब्रेक का मारताय!
ती हसली. पाय उचलला की मागचे दिवे लागतात म्हणे,
लोकांना वाटतं बाई घाबरली.

पायथ्याला आकडा त्रेचाळीस.

मी गप्प बसलो.
गुजर काकू रसवंतीच्या दारात शिरता शिरता दाबलेला ब्रेक,
सबनीसांचा मुलगा सारसबागेपाशी दोन्ही हात सोडून शिंकला तेव्हाचा,
तळजाईच्या उतारावरचे तर मोजलेच नाहीत.
सगळ्यांची नुसती धग झाली.
ड्रमला हात लावला तर फोड यायचा.
पुण्याचा उन्हाळा वाढलाय म्हणतात,
त्यात थोडा वाटा माझाही असणार.

बारावीनंतर हिला चेन्नईला जायचं होतं.
तेव्हाही मी डाव्या सीटवरच होतो.

त्या जोराचं काय झालं, कुठं गेला,
आमच्या गाडीत तसा मीटर नव्हता.

"रात्री मी पूर्ण चार्ज करत नाही," ती सांगत होती,
"सोसायटी टेकडीवर, सकाळी निघालं की लगेच उतार.
भरलेल्या बॅटरीत उतार मावत नाही.
ऐंशीवर थांबवते. त्याला जागा ठेवावी लागते."
ती बॅटरीबद्दलच बोलत होती.
मी उगाच खिडकीबाहेर बघितलं,
पेरूवाल्याकडे.

खडी मशीन चौकाच्या अलीकडे तिनं गाडी बाजूला घेतली,
"चालवा."
उजवीकडे बसायची सवय गेलेली.
चौकात सिग्नल लाल झाला नि मी पाय झटक्यात काढला,
दोघांच्याही माना पुढे.
"अंडं, बाबा! पायाखाली अंडं आहे!"
माझंच वाक्य. माझाच वरचा सूर.
पुन्हा निघालो. हळूहळू सोडलं,
एकेक बोट उचलत, चोरासारखं.
पुढच्या रिक्षापासून हातभर अंतरावर
गाडी आपणहून उभी राहिली.
डावीकडे बघितलं,
हिची चप्पल चटईवर गच्च दाबलेली.
मी काही बोललो नाही.

काल रंगारी आला होता.
शटर विकायचंय, बोर्ड पुसून दे म्हणून मीच बोलावलेला.
त्यानं शिडी लावली, डबा उघडला,
तेव्हा त्याला म्हटलं, थांब जरा,
नुसती शेवटची ओळ बदलायची झाली
तर किती घेशील?